घरजावई मशीन आणि माझा तळहात

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, एक आटपाट कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या, मधे एक दार, आणि दाराखालून रोज स्वयंपाकघरात येणारा भुसा. तिथं एक सुतार राहायचा, सुताराची बायको राहायची, त्यांचा लेक राहायचा आणि लेकाची बायको राहायची. सुतार म्हातारा झाला होता, लेक कामसू होता, सून शहाणी होती. उरली सुताराची बायको. ती मी. माझ्याबद्दल पुढे कळेलच, आणि ते काही फार चांगलं नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. कारखान्यातून फळी बाहेर पडायची तर आधी तिच्यावरून घरातल्या बाईचा तळहात फिरतो. पुरुषांचा चालत नाही. रंधा मारून मारून त्यांच्या हातांना असे घट्टे पडतात की खडबडीत काय आणि गुळगुळीत काय, त्यांना सगळं सारखंच. आधी सासूबाई हात फिरवायच्या, त्या गेल्यावर मी. डोळे मिटायचे, हात फिरवायचा आणि "चालेल" नाहीतर "परत" म्हणायचं. या दोन शब्दांवर मी चाळीस वर्षं घरात राज्य केलं.

दोन वर्षांपूर्वी माझे तळहात बधिर झाले. शेगडीवरचं पातेलं मी फडक्याशिवाय उचललं आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मला ते कळलं. म्हातारा म्हणाला, "काय धीराची बाई आहे." (मी तो मान ठेवून घेतला. त्याच्याकडून मिळालेला तेवढाच.) तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मनात म्हटलं, आत्ता नको, बघू सवडीनं. बधिर हाताची बाई आणि गंजलेला रंधा, दोघांची जागा माळ्यावरच. म्हणून मी आपली डोळे मिटून हात फिरवत राहिले. दोन फळ्यांना "चालेल", तिसरीला "परत". कुणाची तक्रार आली नाही, तशी मलाही थोडी भीड चेपली.

मग ते काम आलं. नव्या वाचनालयासाठी चाळीस टेबलांच्या फळ्या. लाकूड त्यांनीच दिलेलं, कुठल्याशा पडक्या इमारतीच्या तुळया चिरून काढलेलं. बिघडलं तर तसं दुसरं मिळणार नव्हतं. हातानं घासायचं तर तीन महिने लागले असते, आणि वाचनालयाच्या बाईंनी मुदत दिली होती एक महिन्याची. शिवाय पहिल्या आठ फळ्या बघायला त्या स्वतः पुढच्याच्या पुढच्या शनिवारी येणार होत्या.

"घासायचं मशीन घ्यावं लागेल," लेक जेवताना म्हणाला.

"मशीन आणलंस तर मी माझा रंधा घेऊन अंगणात बसेन," म्हातारा म्हणाला.

"बाबा, तुम्ही तसेही अंगणातच बसता."

लेक ताटाकडे बघत म्हणाला, "हे काम गेलं तर मी कुलूप लावणार. परगावच्या फर्निचर कंपनीत नोकरी बघून ठेवलीय. आम्ही दोघं तिकडे जाऊ. तुम्हाला दर महिन्याला येऊन भेटू."

दर महिन्याला भेटणारा लेक मी शेजारणीकडे बघितला आहे. पहिला महिना येतो, दुसरा महिना फोन येतो, तिसऱ्या महिन्यात शेजारीण आमच्याकडे येऊन बसते.

मशिनांच्या दुकानदारानं स्वस्तातली तीन मशिनं आठ दिवस वापरून बघायला दिली. एक ठेवा, दोन परत करा. तिघांची चाल एकच: आत पॉलिशपेपर गुंडाळलेला गोल रूळ गरगर फिरतो, खाली पट्टा सरकतो, पट्ट्यावरून फळी आत जाते आणि रुळाखालून घासून बाहेर येते. नावं त्यांच्या अंगावर लिहिलेली होती, पण मला वाचता येत नाही, म्हणून मी माझी ठेवली. पहिलं धडधाकट, भसाड्या आवाजाचं, मोठ्या घाईचं. ते भावजी. दुसरं एका बाजूनं उघडं. फळी आत गेली की त्याची ती बाजू हळूच वर उचलायची, म्हणजे इकडे गोडगोड आणि तिकडे वेगळंच. त्या जाऊबाई. तिसरं अगदी किरकोळ. थोडंसं खायचं, सावकाश काम करायचं, आणि जरा जास्त काम पुढ्यात आलं की आपलं आपण बंद पडायचं. तो घरजावई.

प्रत्येकातून एकेक फळी काढून लेकानं माझ्यासमोर ओळीनं मांडल्या. "आई, मला डोळ्यांनी तिन्ही सारख्याच दिसतात. पॉलिश चढल्याशिवाय खरं कळायचं नाही, आणि तेवढा वेळ नाहीये. तू सांगशील ते ठेवतो."

सून असती तर मी काहीतरी निमित्त काढून तिला पुढे केलं असतं. पण तिची आई आजारी म्हणून ती नेमकी त्याच आठवड्यात माहेरी गेलेली. मी डोळे मिटले. हात फिरवला. पहिली फळी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी, फळी आहे की हवा आहे तेही कळेना. मग मी एक डोळा किलकिला करून म्हाताऱ्याचं तोंड बघितलं. म्हटलं, याला मशिनांचा राग, म्हणजे ज्या फळीवर हा जास्त तोंड वाकडं करेल तीच चांगली. भावजींच्या फळीपाशी त्यानं असं तोंड केलं जणू कडू काढा प्यायला.

"ही," मी म्हटलं. "लोण्यासारखी आहे."

(त्याची दाढ दुखत होती, हे मला दोन दिवसांनी कळलं.)

भावजी कामाला लागले. दोन दिवसांत आठ फळ्या. लेक खूश. बुधवारी त्यांच्यावर पॉलिश चढलं आणि उन्हाची तिरीप फळ्यांवर पडली. फळ्यांवर लाटा होत्या. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेक खाली बसला. एकेक लाट बोटानं मोजत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हात फिरवला होता ना गं तू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"फिरवला होता," मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं, हाच त्यातला सगळ्यात मोठा खोटेपणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक नोकरीची चौकशी करायला बाहेर पडला आणि म्हातारा दाढ दाखवायला गेला. जाऊबाई आणि घरजावई कोपऱ्यात गोणपाटाखाली परत जायची वाट बघत होते. मी ठरवलं, हात मेला तर मेला, दुसरी काही तोड काढू. आमच्या सासूबाई म्हणायच्या, खडबडीत लाकूड तलम कापडाला धरून ठेवतं. घरात तलम कापड एकच, सुनेची रेशमी ओढणी, जी ती स्वतःसुद्धा लग्नाकार्यातच घालायची. ती घेतली. मशीन चालवायला काही शिकावं लागत नाही, हिरवं बटण आणि लाल बटण.

भावजींतून एक टाकाऊ तुकडा काढला आणि वरून ओढणी ओढली. पावलोपावली अडकली. जाऊबाईंच्या तुकड्यावर अर्ध्यात अडकली. घरजावयाच्या तुकड्यावर अशी सरकली की माझ्या हातातून सुटली. मला इतका आनंद झाला की खात्री करायला मी तोच तुकडा पुन्हा पट्ट्यावर ठेवला. ओढणी त्याच्यावरच राहिली.

घरजावयानं ती शांतपणे आत घेतली, "हूं" केलं आणि बंद पडला.

त्याच वेळी दारात सून उभी. हातात पिशवी तशीच.

"आई, ती माझी ओढणी आहे का?"

"होती."

ती मशिनाजवळ आली, आतून चिंधी बाहेर ओढली, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बोटं मोजावीत तसं. "भावजींत घातली असती तर ओढणीबरोबर तुम्हीही गेला असता. हा बिचारा लगेच थांबला तरी." (तिच्या तोंडी भावजी ऐकून मी चमकले. मी मशिनांशी मोठ्यानं बोलत होते, म्हणजे ती दारात बराच वेळ उभी होती.)

मग मी सगळं सांगितलं. पातेलं, दोन वर्षं, दाढ, लाटा. सांगताना रडू आलं. "माझ्यामुळे तुमचं घर मोडतंय गं," मी म्हटलं.

ती पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "आई, तुमच्या हाताला कळत नाही हे मला दोन वर्षं माहीत आहे. एकदा तुम्ही डोळे मिटून जेवणाच्या टेबलाला 'परत' म्हणाला होतात. तेव्हापासून तुम्ही गेल्यावर रोज मी मागून हात फिरवते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मी घरजावयाचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. तिनं त्यावरून तळहात फिरवला, डोळे न मिटता, आणि म्हणाली, "चालेल."

लेक आला तसं पहिलं मशीन मागाहून बिघडलं असं सुनेनं त्याला पटवलं आणि आम्ही घरजावयाला कामाला जुंपलं. गरीब गाय, एका वेळी कागदाएवढाच थर घ्यायचा, जास्त घेताच यायचं नाही, म्हणून लाटाही उठायच्या नाहीत. आठही फळ्यांचं पॉलिश उतरवून त्या पुन्हा काढल्या. जाडी अर्ध्या नखाएवढी कमी झाली, ती कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. दाढ काढून आलेला म्हातारा अंगणातून उठून आत आला आणि फळ्या उचलून द्यायला लागला. तोंडात कापूस होता म्हणून टोमणा मारला नाही.

शनिवारी वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांनी आधी हात फिरवला, मग चष्मा काढून फळीला गाल टेकवला.

"खुर्च्या कोण करतं तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"मीच करतो," लेक म्हणाला. आयुष्यात त्यानं चार खुर्च्या केल्या होत्या, आणि त्यातली एक डुगडुगते. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. घरजावई कायमचा राहिला, भावजी आणि जाऊबाई दुकानात परत गेले. तो जसा आम्हाला पावला तसा सगळ्यांना पावो, एवढं म्हणून मी इथंच थांबले असते.

पण माझा मान राहावा म्हणून सुनेनं कुणाला काही सांगितलं नाही. अजूनही फळी निघाली की लेक हाक मारतो, मी डोळे मिटून हात फिरवते, आणि सून माझ्या मागे उभी राहते. ती गप्प राहिली तर "चालेल", खोकली तर "परत", असं आमचं ठरलंय.

परवा तिला सर्दी झाली. मी अकरा चांगल्या फळ्या परत पाठवल्या.