परब मास्तरांचा उंबरठा

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत सकाळी सकाळी दार वाजलं की एकतर दूधवाला, नाहीतर हातात खडू घेतलेले परब मास्तर. "काल किती?" एवढंच विचारायचे. म्हणजे किती ढेकूण मारले! आमची ही तोंडाला पदर लावून हसायची. मी आकडा सांगितला की मास्तर तो दाराच्या चौकटीवर लिहून पुढच्या खोलीकडे वळायचे.

शाळेत ते गणित शिकवायचे, पण सगळा जीव ढेकणांच्या लाटेत. "पाचसहा आले तर टिकत नाहीत, मरतात. आठ एकदम आले की उंबरठा ओलांडला. मग ती खोली गेली, आणि लाट शेजारी." हे ऐकून सावित्रीकाकूंनी आपल्या उंबरठ्यावर बाटलीभर रॉकेल ओतलं. "काकू, तो उंबरठा आकड्यांचा," मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले.

लाट चालते कशी, हेही त्यांनीच शोधलं. संयुक्त महाराष्ट्राच्या बैठका तेव्हा आळीपाळीने एकेका खोलीत भरायच्या. चाळीची सतरंजी एकच. ती जिथे जाई, तिथे तिसऱ्या आठवड्यात ढेकूण. "आकडो खोटा बोलणा नाय," मास्तर म्हणायचे. कार्यकर्ते असे भडकले की त्यांनी मास्तरांची खोलीच वगळली.

सतरंजी नसली तरी गणिताप्रमाणे शेजारून सरकत गणपतीच्या आत लाट मास्तरांच्या कोपऱ्यातल्या खोलीत पोचायला हवी होती. दिवाळी आली, तरी त्यांच्या चौकटीवर शून्य. बिचारे पार हिरमुसले. तक्ता माझ्यापुढे पसरून म्हणाले, "कुठे चुकलं, बघ रे."

गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण चूक दिसली. मास्तर रोज सगळ्यांच्या दारात. त्यांच्याकडे बसायला कोण जातं? वहिनी वारल्यापासून तिथे कपबशीसुद्धा एकच. भिंतीपलीकडे राहून मीही कधी गेलो नव्हतो. मला माझीच लाज वाटली.

पुढची बैठक मी भांडून मास्तरांच्या खोलीत ठेवली. तीस माणसं, तीच सतरंजी, घराघरातून आणलेल्या कपबश्या. "झालाच पाहिजे"ला मास्तरांचा आवाज सगळ्यांच्या वर. चहा तर त्यांनी तीनदा केला.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी दार वाजलं. मास्तरांच्या हातात आज खडू नव्हता, काड्यापेटी होती. डोळे भरून आलेले.

"आले रे," ते म्हणाले. "आठ."