वाहनचालक जमील यांचा पुरेपूर उपयोग

मोकळा बसलेला कर्मचारी हा भिंतीतल्या ओलीसारखा असतो. वेळीच लक्ष दिलं नाही तर पसरतो. हे सत्य हिंगोलीत सर्वप्रथम देवसरकर साहेबांना उमगलं. नवा जिल्हा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. 'जिल्हा विस्तार समन्वय कार्यालय' (विस्तार कशाचा, ते मागाहून कळवण्यात येणार होतं) भाड्याच्या इमारतीत सुरू झालं होतं आणि साहेब त्याचे प्रमुख होते.

कार्यालयाला वाहनचालक मंजूर झाला. तो हजर झाला. जीपही मंजूर झाली. ती मात्र परभणीच्या जुन्या कार्यालयाने सोडली नाही.

वाहनचालकाचं नाव जमील. कुरुंद्याची हळद ट्रकमध्ये भरून सांगलीला पोचवण्यात त्याचं तारुण्य गेलं होतं. आता सरकारी गाडी हाती येणार म्हणून त्याने खाकी गणवेश शिवून घेतला आणि तो घालून कार्यालयासमोरच्या लिंबाखाली बसून राहिला. साहेबांना ते पाहवेना. त्यांनी औरंगाबादला कार्यक्षमतेचं प्रशिक्षण घेतलं होतं (भोजनासह).

"जमीलभाई, आवक-जावक सांभाळा," ते म्हणाले.

"साहेब, मी डायवर हाय."

"गाडी कुठाय?"

जमील लिंबाखालून उठून आत आला. तो पत्रांवर शिक्के मारू लागला, लिफाफ्यांवर पत्ते घालू लागला. रस्ते तोंडपाठ असल्यामुळे साहेबांचे नियोजित दौरे आखण्याचं कामही त्याच्याकडे आलं. हे दौरे जीप आल्यावर व्हायचे होते. हे काम मात्र त्याला मनापासून आवडलं.

"हट्ट्याकून नको साहेब, पुलाचं काम चालून राहिलं. कुरुंद्याकून घालू, वाटंत चहा बी होतो," असं सांगताना त्याचा डावा हात आपोआप गिअर बदलायचा.

पावसाळा सरता सरता जीप आली. जमीलने ती पुसली, आत बसला, आरसा नीट केला आणि उगीचच एकदा हॉर्न वाजवला. साहेब बाहेर आले.

"उतरा. आवक-जावक कोण बघणार?"

"पन साहेब, गाडी आली ना आता."

"तुम्ही आता कामाचे माणूस झालात, जमीलभाई. गाडी काय, कुणीही चालवतं."

'कुणीही' शोधण्याची कार्यवाही तातडीने झाली. कार्यालयात मोकळा असा टंकलेखक विकास तेवढा होता, कारण त्याचं टंकलेखन यंत्र आलं नव्हतं. त्याच्याकडे मोटारसायकलचा परवाना होता (म्हणजे चारपैकी दोन चाकांपुरती पात्रता होतीच). पहिल्याच दौऱ्यात त्याने सेनगावच्या अलीकडे साहेबांसह जीप सोयाबीनमध्ये घातली. शेत रूपसिंग नावाच्या तांड्यावरल्या माणसाचं होतं. त्याने चार माणसं बोलावून जीप ढकलून दिली आणि मग शांतपणे विचारलं, "पोरा, तू डायवर हाय का?"

"न्हाई, टायपिस्ट हाय."

"मंग बराबर हाय," रूपसिंग म्हणाला.

ही बातमी ऐकून जमील त्या दिवशी जेवला नाही. सोयाबीनपेक्षा त्याला क्लचची काळजी होती. इशरत, त्याची बायको, ताट झाकत म्हणाली, "इतकं चांगलं काम काहून करता? थोडं बिघडवा. काढून टाकतील तिथून, गाडीवर बसवतील."

त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून तो कळमनुरीचं पत्र औंढ्याला आणि औंढ्याचं सेनगावला धाडू लागला.

परिणाम अपेक्षेबाहेरचा झाला. आजवर कार्यालयाच्या पत्रांना सहसा कुणी उत्तर देत नसे. आता मात्र 'सदर पत्र आमचे नाही' अशी उत्तरं उलट टपाली येऊ लागली. दुसऱ्याचं काम आपल्या गळ्यात पडू नये यासाठी माणूस किती तत्पर असतो, हे प्रशासनाला प्रथमच दिसलं. प्रतिसादाचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्क्यांवर गेलं (दोन ठिकाणांहून तर स्मरणपत्राआधीच उत्तर आलं). वरिष्ठांनी ही पद्धत समजून घेण्यासाठी पथक पाठवलं. जमील 'गुणवंत कर्मचारी' ठरला.

दरम्यान टंकलेखन यंत्र आलं. विकास दौऱ्यावर असल्यामुळे ते गोजरबाईंकडे देण्यात आलं. त्या पूर्वी कार्यालय झाडत. कार्यालय सध्या आहे तसं आहे.

सत्काराच्या दिवशी साहेबांनी जमीलच्या खांद्यावर शाल घालून सर्वांदेखत विचारलं, "जमीलभाई, काय हवं ते मागा."

जमीलने शाल सावरली. "साहेब, गाडी चालवू द्या."

या विनयाने सभागृह भारावलं. टाळ्या थांबेनात. साहेबांनी तिथल्या तिथे आदेश काढला: उन्हाने टायर तडकू नयेत म्हणून श्री. जमील यांनी दर रविवारी जीप सावलीतून सावलीत हलवावी. फाटकाबाहेर नेऊ नये.

तेव्हापासून दर रविवारी जमील गणवेश घालून येतो. इशरत शेजारच्या सीटवर बसते. गाडी पहिल्या गिअरमध्ये भिंतीपर्यंत जाते. तिथे दोघं डबा खातात. मग गाडी रिव्हर्समध्ये परत येते. इंजिन उत्तम आहे, असं जमील सांगतो.

आपण हसलात, हरकत नाही. कार्यालयात बसून वाचत असाल तर आणखीच बरं. फक्त आपल्याला मुळात कोणत्या कामासाठी घेतलं होतं, ते एकदा आठवून पाहा. आठवलंच तर कुणाजवळ बोलू नका. ते काम न येणारा माणूस तिथे केव्हाच नेमला गेला आहे, आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.