दादा पाण्यात

मासे आणले खरे, पण दादाला कळू द्यायचं नाही, एवढं एकच धाकटीने मनाशी ठरवलं होतं. तिची साठी उलटली होती, टेलिफोन खात्यातली नोकरी संपून पेन्शन सुरू झालं होतं, घरात सून येऊन मुलाबरोबर दुसऱ्या गावीही गेली होती. पण माहेरच्या माणसांत ती अजून धाकटीच होती. आणि दादा हा दादाच होता.

मासे आणायचं काही ठरलेलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी डोळ्यांत औषध घातलं होतं, आणि ती रस्त्याच्या कडेकडेने चाचपडत घरी निघाली होती. सगळं जग धूसर आणि भलतंच चकचकीत दिसत होतं. अशात एका दुकानाच्या काचेआड हिरव्या उजेडात काहीतरी हललं आणि ती जागीच थबकली. तशा डोळ्यांना ती टाकी हुबेहूब त्यांच्या लहानपणीच्या टाकीसारखी दिसली. ती आत गेली आणि काचेची टाकी, वाळू, पाणवनस्पती आणि पाच-सहा मासे घेऊन रिक्षाने घरी आली. डोळे ताळ्यावर आल्यावर कळलं की त्यातल्या एका एंजल माशाचं एक पर आखूड आहे आणि स्वभाव फारच भिडस्त आहे. "दिसत नसताना खरेदी करणारी तू पहिलीच," असं नवरा म्हणाला, पण टाकी ठेवायला टेबल त्यानेच रिकामं करून दिलं.

लहानपणीची ती टाकी लोखंडी चौकटीची होती. एका कोपऱ्यातून ती थेंबथेंब गळायची, म्हणून खाली कायम एक वाडगा असे. टाकीचा मालक दादा, आणि बाकी सगळी खाती धाकटीकडे. वाडगा तिने ओतायचा, पाणी तिने भरून ठेवायचं, आणि टाकीतलं जुनं पाणी काढताना रबरी नळीचं टोक तोंडात धरून तिनेच ओढायचं. तुझी छाती मजबूत आहे, असं दादाने ठरवून टाकलं होतं. छाती खरंच मजबूत होती, पण नळी वेळेवर सोडायची अक्कल नव्हती, त्यामुळे दर रविवारी शेवाळाच्या चवीचा एक घोट तिच्या पोटात जायचाच. एवढं करूनही पाण्यात हात घालायची तिला बंदी होती. आतलं राज्य दादाचं. तिने काचेला नाक लावून बसायचं, तेही श्वासाने काच धूसर होणार नाही अशा बेताने. पुढे दादा नोकरीसाठी परगावी गेला, टाकी कोणालातरी देऊन टाकली, आणि दोघांनीही पुन्हा मासे पाळले नाहीत. दादाला वेळ झाला नाही. धाकटीला वेळ होता, पण दादाशिवायही मासे पाळता येतात हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

बातमी फोडली ती नवऱ्याने. तो आणि दादा अधूनमधून फोनवर गुडघ्यांबद्दल बोलत. गुडघ्यांचा विषय संपल्यावर काय बोलावं म्हणून त्याने सहज सांगितलं की आता आमच्याकडे मासे आहेत. मग दादाने विचारलं, "टाकी खिडकीपासून किती लांब ठेवलीय?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की दादाचा व्हिडिओ कॉल येऊ लागला. धाकटीने फोनचं तोंड टाकीकडे करून धरायचं आणि दादाने पाहणी करायची. पाहणीत टाकीतला प्लास्टिकचा किल्ला गेला, दगडांची उलथापालथ झाली, आणि माशांना टाकायची चिमूटसुद्धा आधी फोनसमोर धरून मंजूर करून घ्यावी लागली. "टाकी आपली, मासे आपले, आणि घरमालक तो," नवरा पुटपुटला.

कॉल बंद कर असं धाकटीला मात्र म्हणवेना. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादा घराबाहेर पडलाच नव्हता. वहिनी सांगायची, हे दिवसभर पायजम्यावर खुर्चीत बसून असतात, चार वेळा सांगावं तेव्हा दाढी करतात, कोणी भेटायला आलं तर झोपल्याचं सोंग घेतात. मासे आल्यापासून निदान फोन तरी स्वतःहून हातात घेतात. तेव्हा धाकटी निमूटपणे फोन धरायची, आणि मनातल्या मनात त्याला ऐकवायची.

त्या सकाळी तो आखूड पराचा एंजल कोपऱ्यात तोंड घालून बसला होता. काल रात्रीपासून तो काही खात नव्हता. दादाने त्याला जवळून बघायचं ठरवलं. काचेतून बघितलं तर काचेत धाकटीच दिसत होती.

"वरून दाखव," दादा म्हणाला. "झाकण काढ आणि फोन पाण्यावर धर."

धाकटी पाटावर चढली. झाकण काढून तिने फोन पाण्यावर आडवा धरला.

"खाली घे. अजून खाली. अगं, मला नुसतं तुझं बोट दिसतंय. ते बोट काढ आधी."

तिने बोट काढलं. ज्या बोटांच्या जिवावर फोन हातात होता, त्यातलंच ते एक निघालं.

डुबकन आवाज झाला आणि दादा पाण्यात गेला.

फोन हेलकावे खात खाली गेला आणि मागच्या काचेला टेकून वाळूत उभा राहिला. बंद मात्र पडला नाही. पाणवनस्पतींच्या मधोमध दादाचं तोंड उजळलेलं होतं. आवाज येत नव्हता, पण ओठ भराभर हलत होते. शब्द ऐकू आले नाहीत तरी धाकटीला ते लहानपणापासून पाठ होते. तिने बाही वर केली, हात खाली नेला, आणि बोटं पाण्याला लागायच्या आधीच आपसूक थांबली. खालून दादा बघत होता.

गडबड ऐकून नवरा धावत आला. तो आधी टाकीकडे आणि मग बायकोकडे बघत राहिला. "पाण्यातही चालतो असं कंपनी म्हणाली होती," तो शेवटी म्हणाला. "तेवढं खरं निघालं." मग त्याने स्वतःच्या फोनवरून वहिनीला कॉल लावला, म्हणजे निदान दादाला ओरडायचं थांबवायला कोणी सांगेल.

तोवर टाकीत भलतंच घडत होतं. उजेड दिसला म्हणून मासे एकेक करून दादाजवळ गोळा झाले. एकाने त्याच्या कपाळाला तोंड लावून बघितलं. दुसरा कानाजवळ घुटमळला. आणि तो भिडस्त एंजल कोपरा सोडून संथपणे निघाला, तो थेट दादाच्या नाकासमोर येऊन थांबला.

दादाचे ओठ हलायचे थांबले.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला. मग तो इतका पुढे झुकला की सगळ्या फोनभर फक्त त्याचे डोळे उरले.

वहिनीचा आवाज नवऱ्याच्या फोनमधून आला. "वन्सं, काय दाखवताय हो यांना? मी हाक मारली तर नुसत्या हाताने गप्प बस म्हणाले. हसतायत की रडतायत तेच कळत नाहीये."

धाकटी पाटावरून उतरून टाकीसमोर वाकली. पुढे मासे होते, त्यांच्या मागे दादा होता. वहिनी कोणाशीतरी बोलली आणि परत फोनवर आली. "म्हणतायत, धाकटी अजून काचेला नाक चिकटवते."

धाकटीने चटकन नाक मागे घेतलं. काचेवर धुक्याचा एक गोल राहिला होता.

नवरा म्हणाला की आता फोन बाहेर काढ, कंपनी किती वेळ खरं बोलेल सांगता येत नाही. "राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. मग जरा वेळाने तिने कोपरापर्यंत हात आत घातला. पाणी कोमट होतं. मासे सैरावैरा पळाले, दादाने मान मागे घेतली, आणि तिने त्याला अलगद उचलून बाहेर काढलं.

टॉवेलने पुसल्यावर कळलं की फोनला दिसतं सगळं, पण त्याची वाचा गेली आहे. संध्याकाळी दादाचा कॉल नवऱ्याच्या फोनवर आला. आता पाटावर चढण्यापासून हात घालण्यापर्यंत सगळ्याचा हिशेब होणार, अशी तयारी करून धाकटीने फोन कानाला लावला.

दादाने एंजलची चौकशी केली. त्याने दुपारी दोन दाणे खाल्ल्याचं तिने सांगितलं. बरं, म्हणाला. मग खाकरला. मग वाळू बारीक आहे, छान आहे, असंही म्हणाला. दादाने आजवर तिच्या कशालाही छान म्हटलं नव्हतं, म्हणून ती सावध झाली.

"तो फोन बिघडला म्हणून टाकून नाही ना दिला?" त्याने विचारलं. "नाही, म्हणजे तसं काही नाही. पण उद्या परत सोडशील का मला आत? थोडाच वेळ. बोलत नाही मी काही."

धाकटीला हसू आलं, आणि ती नुसतं "हं" एवढंच म्हणाली.

सकाळी नवऱ्याने फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड पक्कं बंद केलं आणि तिला दोरी बांधली. पिशवी तरंगू नये म्हणून आत दोन गोटे टाकले. विहिरीत पोहरा सोडावा तशी सोडायची, असं त्याचं म्हणणं होतं, आणि दोरी आपणच धरणार असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. ठरल्या वेळी दादाचा कॉल आला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. धाकटी पिशवी हातात धरून पाटाशी उभी होती. गुडघा दुखत असेल का, की रात्रीतून विचार बदलला असेल, असं तिच्या मनात येऊ लागलं.

एवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. वहिनी होती, आणि दबक्या आवाजात बोलत होती.

"वन्सं, तुम्हाला काही माहीत आहे का? हे सकाळी लवकर उठले. न सांगता दाढी केली. इस्त्रीचा शर्ट काढायला लावला, आता आरशासमोर भांग पाडतायत. इतक्या महिन्यांनी बाहेर पडतायत म्हणून मी हौसेने विचारलं, कुठे निघालात, तर म्हणाले, टाकीत."