सलीमभाईंकडची कच्ची फाइल

सलीमभाई हार्ड डिस्क हातात आली म्हणून लगेच कॉम्प्युटरला लावत नाहीत. आधी स्थळाची चौकशी करावी तशी तिची करतात. कुठल्या कॅमेऱ्यातून आली? शूटिंग कुणी केलं? मध्ये कुणाकुणाचा हात लागला? समाधान होईपर्यंत डिस्क टेबलावर रुमालावर पडून राहते.

जुन्नरच्या बाजारात, एका जिन्याखालच्या खोलीत बसून ते वर्षानुवर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. मी घोडेगावच्या एका शाळेत लिपिक होतो. निवृत्त झालो त्या दिवशी माझा भाचा, जो सिनेमावाल्यांकडे कॅमेरा असिस्टंट आहे, मोठा कॅमेरा घेऊन आला. निरोपसमारंभ, शाळा, आमचं घर, सगळं टिपलं आणि डिस्क माझ्या हातात देऊन केरळला शूटिंगला निघून गेला. रविवारी माजी विद्यार्थी जमणार होते. त्यांना हे दाखवायचं मी कबूल करून बसलो होतो. पण दोन दुकानं फिरलो, तरी पडदा काळाच.

"दमानं घ्या, साहेब," सलीमभाई म्हणाले. हे त्यांचं पालुपद. कॉम्प्युटर अडला तर त्यालाही ते हेच सांगतात.

"ही कच्ची फाइल हाय. कॅमेऱ्यानं पाह्यलं ते समदं न शिजवता भरून ठिवलंय. एकेका शॉटचे चार-चार तुकडे असत्यात, ते नावावरून एकमेकांला वळखत्यात." फोल्डर उघडून ते थांबले. "ही नावं कुणी दिली?"

पडद्यावर ओळीनं '०१ प्रार्थना', '०२ मुख्याध्यापकांचे भाषण' असं दिसत होतं.

"मी," मी जरा अभिमानानंच म्हणालो. "आधी नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते. काही बोध होईना."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जत्रंत चार भावंडांची नावं बदलली, तर ती एकमेकांला हाका कशा मारतील, साहेब?"

नशीब, हाडाचा लिपिक असल्यामुळं जुनी नावं मी वहीत उतरवून ठेवली होती. सलीमभाईंनी ती वही कपाळाला लावली. मी वाचत गेलो, ते टाइप करत गेले. मग त्या कॅमेऱ्यासाठी लागणारं एक छोटं सॉफ्टवेअर उतरवलं. चित्र आलं, पण फिकट आणि अडखळत. पंखा घरघरायला लागला तशी सलीमभाईंनी कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवला. "भार लई झालाय त्याला." मग त्यांनी सगळ्या शॉटच्या हलक्या प्रती काढल्या. कापाकापी या प्रतींवर करायची, शेवटचं काम मूळ मालावर. दुपार कलता कलता मी पडद्यावर एकदाचा न अडखळता चाललो.

पुढं घरातला शॉट आला. मी खुर्चीत गंभीरपणे बसलोय, आणि कॅमेऱ्यामागून आमच्या हिचा आवाज: "अहो, कॉलर नीट करा. चालू झालंय का रे हे?"

"एवढं कापा," मी म्हणालो.

सलीमभाईंनी माउसवरचा हात उचलला.

"आमची घरवाली शमीम हर लग्नात लाइट धरून उभी राह्यची," ते म्हणाले. "नवरीला म्हणायची, 'बाळा, हनुवटी वर कर.' लोकान्ला तिथं गाणं पायजे असायचं. तिचा आवाज मीच काढायचो. कच्च्या टेपा पुसून परत वापरायचो." त्यांनी टेबलावरचा रुमाल सरळ केला. "ती गेल्यावर घरात उरलेले समदे लग्नाचे व्हिडिओ पाह्यले. लाइट दिसतो. ती न्हाई."

"राहू द्या ते," मी म्हणालो.

रविवारी त्या वाक्याला अख्खा हॉल हसला, आणि आमची ही पदराआड लपली. कार्यक्रम संपल्यावर मागं भिंतीला टेकून उभे असलेले सलीमभाई तिच्याजवळ आले.

"वैनी," ते म्हणाले, "तुमचा आवाज लई साफ आलाय."