रंग ज्याच्या त्याच्या पसंतीचा

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी स्नेहवर्धिनी मंडळाचे अ‍ॅप भगवे होते, आणि ते बदलण्याचा ठराव कार्यकारिणीने रीतसर मंजूर केला. कारण गंभीर होते. डच राजाच्या वाढदिवसाला सगळा देश केशरी होतो, तेव्हा आपले अ‍ॅप त्यांच्यातलेच वाटते, असे उपाध्यक्ष प्रमोदिनीताईंचे निरीक्षण होते.

अडचण एवढीच, की मूळ अ‍ॅप करणाऱ्या मोरेश्वररावांनी हा रंग तीनशे बारा ठिकाणी हाताने लिहून ठेवला होता. मोरेश्वरराव आइंडहोव्हनला चिपच्या यंत्रांवर काम करतात. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक त्यांना खपत नाही. पण समाजकार्य म्हटले की माणूस थोडा सैल होतोच.

काम स्वप्नालीकडे आले. नऊ वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या, म्हणजे उल्हासच्या, व्हिसावर ‘अवलंबित’ म्हणून आली. आता तिचा स्वतःचा सॉफ्टवेअरचा व्यवसाय आहे आणि डच करखाते निळे लिफाफे तिच्याच नावाने पाठवते. स्नेहवर्धिनीत मात्र ती अजून अवलंबितच होती, आणि अवलंबितांना मत नसते. काम फुकट करीन, फक्त मला माझ्या नावाने सभासद करून घ्या, एवढीच तिची अट होती. “बघू, बघू,” अध्यक्ष दिनकरराव इतक्या प्रेमाने म्हणाले, की बिचारीला तो होकार वाटला.

“कोडमध्ये रंग लिहायचाच नाही,” तिने बैठकीत समजावले. “हे मुख्य बटण, ही सूचना, हा धोका, एवढंच लिहायचं. कशाला कुठला रंग, ते थीम ठरवेल. उद्या बदलावासा वाटला, तर एकाच जागी बदला.”

“म्हणजे कायमचं असं काहीच नाही?” दिनकररावांनी विचारले.

“काहीच नाही.”

कार्यकारिणी हरखली. सात जणांची रंग उपसमिती तिथल्या तिथे नेमली गेली. पहिल्याच बैठकीत, धोक्याला लाल रंग देण्यास प्रमोदिनीताईंनी हरकत घेतली. “कुंकवाचा रंग धोक्याचा कसा, गं?” लाल मुख्य बटणाला गेला आणि धोक्याच्या वाट्याला पांढरा आला. त्यामुळे ‘आपले सभासदत्व रद्द होत आहे’ ही सूचना पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत उमटू लागली. तिच्याखालचे ‘पुढे’ हे शुभ लाल बटण दाबून सव्वीस कुटुंबे स्नेहवर्धिनीतून बाहेर पडली. त्यांत अध्यक्षांचेही होते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र थीम देण्याचे ठरले. पैठणी थीम झाली, ट्युलिप थीम झाली. काळ्या थीमला विरोध झाला. “नोव्हेंबर पुरेसा आहे, अ‍ॅपमध्ये आणखी अंधार कशाला?” मग काळ्यात थोडा हळदीचा पिवळा घालून तडजोड करण्यात आली. स्वप्नालीने हे सगळे मुकाट्याने केले, सव्वीस कुटुंबांना परत आत घेतले आणि वार्षिक सभेत ती उभी राहिली.

“एक गोष्ट अजून कोडमध्ये पक्की लिहिलेली आहे,” ती म्हणाली. “मुख्य सभासद म्हणजे पती. एकच ओळ आहे, काका. रंगांसारखी तीही ज्याच्या त्याच्यावर सोडू या?”

मोरेश्वरराव चष्मा पुसू लागले.

“ते घटनेत आहे,” दिनकरराव म्हणाले.

“घटना बदलता येते ना?”

“येते की! मुख्य सभासदांच्या बहुमताने.”

स्वप्नालीला रडू यायचेच बाकी होते. ते पाहून दिनकररावांना खरोखर वाईट वाटले आणि त्यांनी स्वतः ठराव मांडला: यापुढे प्रत्येक अवलंबिताचे नाव अवलंबितांच्या यादीत तिच्या पसंतीच्या रंगात दिसेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मतदानात सगळे हात वर गेले, प्रत्येक कुटुंबाचा एक. उल्हासचाही.

“अगं, सुरुवात तर झाली,” परतताना सायकल हळू करत उल्हास म्हणाला. “कुठला रंग घेणार?”

तिने आपली सायकल पुढे काढली. तुम्ही मात्र हसत असाल, तर जरा उठून आपल्या दारावरच्या पाटीवर नाव कुणाचे ते वाचून या. रंग घरच्या बाईच्याच पसंतीचा असेल.