घरगुती प्रिंटरची रीतसर निवड

घाईने घेतलेली वस्तू आणि घाईने दिलेला शब्द माणसाला जन्मभर छळतात. म्हणून शहाणा माणूस सहसा काही घेतच नाही, आणि अतिशहाणा माणूस न घेण्यापूर्वी सखोल अभ्यास करतो. अशा अभ्यासूंत खरेदीसाहेबांचा नंबर फार वरचा. खरेदी विभागातून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलावरून एकही चुकीची खरेदी झालेली नव्हती (बरोबरही फारशा झाल्या नव्हत्या, पण त्याची चौकशी लागत नाही).

त्यांच्या पत्नी चित्रकलेच्या बाई. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी घरीच मुलांचा वर्ग काढायचं ठरवलं. बाहेरची खोली मोकळी केली, सतरंज्या धुतल्या, पत्रकाचा मजकूर जुळवला.

"शाळा उघडायच्या आत पत्रकं वाटली पाहिजेत," त्या म्हणाल्या. "एकदा मुलं दुसरीकडे गेली की गेली."

कितीतरी वर्षांनी त्यांच्या आवाजात अशी उमेद होती. ती साहेबांच्याही लक्षात आली आणि ते मनापासून सुखावले. एवढ्या चांगल्या कामासाठी घरात स्वतःचा प्रिंटर हवा, आणि तो रीतसर निवडलेला हवा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

पर्याय दोन निघाले. इंकजेट स्वस्त आणि रंगाला झकास, पण काही दिवस हात लावला नाही की शाई वाळते आणि तो नव्या जावयासारखा रुसून बसतो. लेझर आधी खिसा कापतो, मग पानागणिक स्वस्त पडतो. त्याची शाई म्हणजे भुकटी, ती वाळत नाही, पण रंगीत घ्यायचा तर हत्ती पोसण्याची तयारी हवी. घरात सर्वेक्षण झालं. पन्नास टक्के कुटुंबाने रंगीत छपाईला पसंती दिली (बाई). उरलेल्या पन्नास टक्क्यांनी मत राखून ठेवलं (साहेब).

मग तुलनात्मक तक्ता झाला. हाताने लिहिलेला तक्ता ग्राह्य नसतो, म्हणून साहेबांनी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन प्रतींत छापून आणला. दुरुस्ती झाली की पुन्हा छापून आणला. दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की खुर्ची पुसून ठेवू लागला.

"अहो, रोज जाताच आहात, तर माझं पत्रकही तिथूनच आणा की छापून," बाई म्हणाल्या.

साहेबांना बायकोच्या भोळेपणाचं कौतुक वाटलं. "अगं, पत्रकं बाहेर छापली तर घरच्या प्रिंटरची गरज उरते का? गरज नाही म्हटल्यावर फाइल बंद. मग तुझी पत्रकं छापायची कशावर?"

बाई उठून कुकर लावायला गेल्या. (पक्क्या युक्तिवादाची खूण ती हीच.)

शाळा उघडली. खालच्या मजल्यावरच्या एका सुनेने पुठ्ठ्यावर रंगीत खडूने चित्रकलेच्या वर्गाच्या चार ओळी लिहून दाराला अडकवल्या, आणि आसपासची सगळी मुलं तिच्याकडे गेली. बाईंनी सतरंज्यांच्या घड्या घालून माळ्यावर टाकल्या. रडल्या वगैरे नाहीत, पण जेवताना बोलेनाशा झाल्या. ते साहेबांना फार लागलं, म्हणून एकदा भात कालवता कालवता त्यांनीच विषय काढला.

"रंगीतच घेऊ या म्हणतो. इंकजेट की लेझर, तू सांग."

"घ्या कोणताही. मला काय करायचंय आता."

साहेबांनी जेवण आटोपून शेऱ्याच्या रकान्यात नोंद केली: 'वापरकर्त्याची कोणत्याही पर्यायास हरकत नाही.' इतकी निर्विवाद संमती त्यांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

अभ्यासाची कीर्ती पसरली तशी माणसं येऊ लागली. शेजारी आले, भाचा आला, कचेरीतले जुने सोबती आले. सगळ्यांनी त्या मोकळ्या खोलीत बसून बाईंच्या हातचा चहा घेतला, तक्ता वाचला आणि एकच विचारलं, "मग शेवटी कोणता घ्यायचा?" वर्गाचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्हीही पहिल्या ओळीपासून त्याच उत्तराची वाट पाहताय. संकोच करू नका, तक्त्याची एक प्रत जास्तीची आहे, घेऊन जा.