चंद्रकरावाची सोपी वाट

एका जंगलात, बाळांनो, तळ्याकडे जाणारी एक वाट होती. वाकडीतिकडी, धुळीची, जागोजागी लेंड्या पडलेली. ती कोणी आखली नव्हती. तहानलेली जनावरं चालत राहिली आणि पाय पडून पडून ती झाली. आंधळं म्हातारं अस्वलसुद्धा तिच्यावरून नीट पाण्यापाशी पोचायचं. अशा वाटेला काय म्हणायचं? मागासलेली. बरोबर, हुशार आहात.

त्याच जंगलात चंद्रकराव नावाचा मोर होता. तो शहरातल्या बागेत राहून डिझाइनचा कोर्स करून आला होता. आल्यापासून त्याला साधं बोलताच येईना. जनावरांना तो 'वापरकर्ते' म्हणायचा आणि पाणी पिण्याला 'अनुभव'. सिंहाला यातलं काही कळलं नाही, म्हणून त्याने तळ्याची वाट सुधारायचं काम चंद्रकरावाकडेच दिलं.

कोर्समधला पहिला धडा असा होता, की जो वापरणार त्याला आधी विचारा. चंद्रकराव लगेच विचारायला गेला. कोणाला? सिंहाला. आता सिंह तळ्यावर कधी जायचाच नाही. त्याचं पाणी कोल्हा भोपळ्यातून गुहेत आणून द्यायचा. पण राजाला सोडून सशाला विचारणं बरं दिसलं असतं का? वाट स्वच्छ दिसावी, एवढंच सिंह म्हणाला आणि संशोधन संपलं.

मग तळ्याभोवती काटेरी कुंपण पडलं. जुनी वाट बुजवली. नवी वाट सरळ, हिरवळीची. तिच्या तोंडाशी बांबूचा अडसर आणि अडसरापुढे तीन पांढरे गोल दगड, अगदी एकसारखे. एकावर पाय दिला की अडसर उघडायचा, दुसऱ्यावर दिला की बंद व्हायचा. तिसरा शोभेचा होता. कोणता कोणता हे सांगणारी खूण नव्हती, कारण खुणांनी पसारा दिसतो असं चंद्रकरावाचं मत होतं.

शिवाय एक मैना नेमली होती. येईल त्याच्या तोंडासमोर ती फडफडायची आणि नव्या वाटेची माहिती हवी का विचारायची. नको म्हटलं तरी घटकाभरानं परत हजर. अशी मैना मला भेटली तर मी काय करीन ते तुमच्यासमोर सांगत नाही.

वैशाखात एक सांबरीण पाडसाला घेऊन आली. पाडसाची जीभ बाहेर आली होती. तिने एका दगडावर पाय दिला, अडसर उघडला. ती आत जाणार तेवढ्यात मागून धडपडत येणाऱ्या पाडसाचा पाय दुसऱ्या दगडावर पडला आणि अडसर बंद झाला. असं कितीदा तरी झालं. शेवटी पाडस खाली बसलं ते उठेचना. पाणी समोर चमकत होतं.

चंद्रकराव वरच्या फांदीवर बसून बघत होता.

"मोरदादा," सांबरीण म्हणाली, "पोर उठत नाही हो. तेवढा अडसर धरून ठेवा."

"ताई, मी धरला तर तुम्ही शिकणार कधी?" तो गोड आवाजात म्हणाला. "ही वाट इतकी सोपी आहे की ती कोणाला शिकवावीच लागत नाही."

तेवढ्यात मैना फडफडली. माहिती हवी का?

सांबरीण मागे सरली आणि सरळ कुंपणात घुसली. छातीची सालटी निघाली, पण खिंडार पडलं. तिने पाडसाला नाकाने ढोसत ढोसत पाण्यापर्यंत नेलं. ते प्यायला लागलं तेव्हाच तिने स्वतः पाण्याला तोंड लावलं. हे सांगताना मला आजही राग येतो.

काट्यांवर रक्त लागलं होतं. ते लांबून दिसायचं. ते बघून नीलगाई आल्या, डुकरं आली, आंधळं अस्वल त्यांच्या मागे आलं. संध्याकाळपर्यंत खिंडारातून चांगली धुळीची वाट पडली.

चंद्रकराव आधी घाबरला. मग त्याला कोर्समधला आणखी एक धडा आठवला आणि तो सिंहाला घेऊन आला.

"महाराज, ही सुधारित आवृत्ती," तो म्हणाला. "कुठे वळायचं ते वापरकर्त्यांना कळावं म्हणून लाल रंग ठेवलाय."

सिंहाने मान डोलावली. "छान आहे. पण पावसात धुऊन जाईल."

"नवा लावू, महाराज. वापरकर्ते भरपूर आहेत."

सिंहाने त्याला तिथल्या तिथे 'वनभूषण' केलं. सांबरीण तेव्हा पाडसाला घेऊन बाहेर पडत होती. मैना तिच्या तोंडासमोर आली आणि अनुभव कसा वाटला म्हणून विचारू लागली.

"पोर प्यालं," सांबरीण म्हणाली.

वापरकर्ते समाधानी आहेत, असं मैना जंगलभर ओरडत गेली.

तात्पर्य : वाट आखणाऱ्याने चालणाऱ्याला काही विचारत बसू नये. त्याला फक्त तहानलेलं ठेवावं. वाट तो स्वतःच काढतो आणि रंगही स्वतःचाच लावतो.